आवक, जावक आणि ठेव

पत्र ही वस्तू नेमकी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न बँकेत लागण्यापूर्वी मला कधी पडला नव्हता, आणि लागल्यावर पडायचं काही कारण नव्हतं. बँकेत सगळंच दुसऱ्याचं असतं. पैसा ठेवीदाराचा, सोनं तारण ठेवणाऱ्याचं, खुर्ची बँकेची आणि खुर्चीवरची उशी बदली होऊन गेलेल्या कुलकर्ण्यांची. बावीस वर्षं दुसऱ्याच्या वस्तू मोजत बसलेल्या माणसाच्या अंगी मालकी हक्काविषयी जे वैराग्य येतं, ते हिमालयात जाऊनही येत नसेल. शिवाय मी बी.कॉम. आम्हाला तत्त्वज्ञान नव्हतं, ऑडिटिंग होतं.

या वयात मला तत्त्वज्ञानात ढकललं ते नानामामांनी. मामा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. साठ पूर्ण झाली, शाल मिळाली, नारळ मिळाला आणि आठवड्याभरात एक पत्र मिळालं : आपलं विद्यापीठाचं ई-मेल खातं नव्वद दिवसांनी बंद करण्यात येईल, तरी आवश्यक तो मजकूर अन्यत्र हलवावा. हे पत्र अर्थातच त्याच खात्यावर आलं होतं. घर पाडण्याची नोटीस घराच्याच दारावर चिकटवतात, तसं.

यात मामांच्या विद्यापीठाने काही जगावेगळं केलं असं नव्हे. जगभरच्या विद्यापीठांचं टपाल फुकटात आणि हवं तेवढं सांभाळणाऱ्या एका बड्या कंपनीने २०२१ साली जाहीर केलं, की ही अमर्याद चैन आता पुरे. २०२२ च्या जुलैपासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट. तेव्हापासून बऱ्याच विद्यापीठांनी आवराआवरीला सुरुवात केली. आणि आवराआवरीत सगळ्यात आधी कोण निघतं, हे निवृत्त माणसाला सांगायला लागत नाही.

हलवण्याचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घराण्यात असा समज आहे, की बँकेत संगणक असतात, मी बँकेत असतो, म्हणजे संगणक मला येतो. या न्यायाने आमचा सोसायटीचा गुरखा स्थापत्यविशारद व्हायला हवा. तरी मी गेलो. मामीच्या हातची साबुदाण्याची खिचडी हे कारण मी नाकारत नाही.

मामांच्या घरच्या संगणकावर थंडरबर्ड नावाचा प्रोग्रॅम बसवला. हा फुकट मिळतो. त्याची पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये निघाली. अशा प्रोग्रॅमचं काम एवढंच, की दूरच्या सर्व्हरवरचं टपाल आपल्या टेबलावर आणून द्यायचं. या जातीचा एक गाजलेला पूर्वज, युडोरा, १९८८ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातच जन्मला. स्टीव्ह डॉर्नर नावाच्या तिथल्या गृहस्थाने तो लिहिला आणि युडोरा वेल्टी या लेखिकेचं नाव त्याला दिलं. कारण तिच्या एका कथेतली बाई घरच्यांशी भांडून पोस्टातच राहायला जाते. हे ऐकून मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "जागा मोठी असेल पोस्टात." मामा काही बोलले नाहीत.

प्रोग्रॅमने नाव विचारलं, पत्ता विचारला आणि दोन सर्व्हर मांडून दाखवले : एक येणाऱ्या टपालाचा, एक जाणाऱ्या टपालाचा. मामा चक्रावले, मला मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं. ही तर आपली आवक-जावक! सरकारी कचेरीत आवकचा कारकून जावकच्या वहीला हात लावत नाही, तसंच इथे. जावकचे नियम १९८२ साली ठरले, आणि ते इतके भोळे होते की पत्र टाकणारा खरोखर तोच आहे का, हे कोणी विचारतच नसे. आवकच्या मात्र दोन पद्धती, आणि त्यातली कोणती हवी असं प्रोग्रॅम विचारतो. एक पॉप, १९८४ सालची. दुसरी आयमॅप, १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी काढलेली.

"फरक काय?" मामांनी विचारलं.

"पॉप म्हणजे खात्यातली रक्कम काढून घरी नेणं. मूळ पद्धत तीच. तिकडे शिल्लक ठेवायची तर तसं वेगळं सांगावं लागतं. आयमॅप म्हणजे पासबुक. लेजर तिकडेच, तुमच्या हातात फक्त नक्कल. इकडे खोडलं की तिकडेही खोडलं जातं आणि तिकडे खोडलं की इकडेही."

"मग तिकडचं खातंच बंद झालं की पासबुक घेऊन मी काय करू?"

प्रश्न रास्त होता. बुडालेल्या पतपेढ्यांचे ठेवीदार नेमका हाच प्रश्न विचारतात. उपाय असा, की पासबुक पद्धतीने खातं उघडायचं, आणि जी पत्रं हवीत ती उचलून थंडरबर्डमधल्या 'स्थानिक फोल्डर' नावाच्या घरच्या कपाटात ओढायची. कपाटातलं मग आपलं. हा 'आपलं' शब्द मी सहज बोलून गेलो. पुढचा सगळा घोळ त्या शब्दाने झाला.

त्याआधी पासवर्डचं प्रकरण निपटावं लागलं. पूर्वी तुम्ही तुमचा पासवर्ड प्रोग्रॅमला सांगून टाकायचा आणि तो तुमच्या नावाने सर्व्हरकडे जाऊन टपाल आणायचा. म्हणजे सह्या केलेलं कोरं चेकबुक शेजाऱ्याच्या हाती देण्यासारखं. आता ओऑथ नावाची रीत आहे. प्रोग्रॅम तुम्हाला विद्यापीठाच्याच दाराशी नेऊन उभा करतो. ओळख तिथे पटवायची. आणि दारवान प्रोग्रॅमला एक टोकन देतो. पासवर्ड प्रोग्रॅमला कळतच नाही, आणि टोकन केव्हाही रद्द करता येतं. टोकन शब्द ऐकून मला भरून आलं. आमच्या शाखेच्या कपाटात पितळी टोकनांची पेटी अजून आहे. गणकयंत्राच्या पंडितांनी चाळीस वर्षं डोकं खाजवून शेवटी आमच्या रोखपालाचीच युक्ती उचलली!

ओळख पटवायची म्हणजे मोबाइलवर आलेला आकडा सांगायचा. विद्यापीठात नोंदलेला नंबर मामांचा जुना होता, तो आता मामीकडे होता, आणि खिचडी वाढून मामी तोवर भिशीला गेली होती. तिच्या भिशीतल्या सोळा बायकांना मामांचं गुपित कळल्यावर विद्यापीठाची खात्री पटली, की मामा हे मामाच आहेत.

मग परवानगीचं पान आलं. त्यावर लिहिलं होतं, की हा प्रोग्रॅम तुमची सर्व पत्रं वाचू, लिहू, पाठवू आणि कायमची नष्ट करू इच्छितो. मामांनी चष्मा काढून पुसला.

"अरे, वाचायला परवानगी देऊ, पाठवायला देऊ. कायमची नष्ट करायला कशाला?"

"त्याशिवाय तुम्ही काढून टाकलेलं पत्र तो टाकणार कसं?"

"म्हणजे केर काढायला बाई ठेवायची, तर तिला घर पेटवायचाही हक्क लिहून द्यायचा?"

आमच्याकडे मुखत्यारपत्रात असं कलम आलं असतं, तर मॅनेजरने पक्षकाराला चहा पाजून घरी पाठवलं असतं. इथे 'मान्य' म्हणण्यावाचून गत नव्हती. मामांनी बटण दाबलं आणि अकरा वर्षांची एकोणीस हजार पत्रं धडाधड उतरू लागली.

पहिले दोन दिवस मामा उत्साहात ओढत होते. पुण्यातल्या परिषदेची पत्रं, घरच्या कपाटात. सह्याद्रीतल्या नेच्यांवरचा तीन वर्षांचा पत्रव्यवहार, कपाटात. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर मामा हात बांधून पडद्याकडे बघत बसले होते.

पडद्यावर एका विद्यार्थिनीचं पत्र होतं. मामांनी मला वाचू दिलं नाही, फक्त सांगितलं. आठ वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिने रात्री दोन वाजता लिहिलेलं : घरी वडील गेले, धाकटा भाऊ शाळेत, लग्नाची घाई चालली आहे, मी शिक्षण सोडते आहे. मामांनी तिला उत्तर लिहिलं होतं. मग तिचं, मग मामांचं, अशी तेरा पत्रं.

"हे पत्र तिने कोणाला लिहिलं?" मामांनी विचारलं.

"तुम्हाला."

"मला? की तिच्या सरांना? सर तर गेल्या महिन्यात निवृत्त झाले. मी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून भांडणारा एक म्हातारा आहे. तिच्या घरातलं दुःख माझ्या कपाटात कशाला?"

"मग राहू द्या. नव्वद दिवसांनी आपोआप जाईल."

"आपोआप जाईल म्हणून आपण ते जाऊ द्यायचं?"

इथे माझं ऑडिटिंग संपलं. मी शोध घेतला तेव्हा कळलं, की हा वाद जुना आहे. १७४१ साली इंग्लंडमध्ये कवी अलेक्झांडर पोप यांनी एडमंड कर्ल या पुस्तकविक्रेत्यावर फिर्याद केली. कारण कर्लने पोपची पत्रं परस्पर छापली होती. लॉर्ड हार्डविक यांनी निवाडा दिला, की पत्र ज्याला आलं त्याच्या मालकीचा होतो तो फार तर कागद. मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचाच. निवाडा सुबक आहे, पण लॉर्डसाहेबांना कागद तरी होता. मामांच्या पत्राला कागदच नाही. सर्व्हर कंपनीचा, खातं विद्यापीठाचं, डिस्क मामांची, मजकूर त्या मुलीचा. बिनकागदाच्या पत्रात 'कागद' कोणाचा, हे हार्डविकसाहेबांनाही सांगता आलं नसतं.

मी मामांना बँकेच्या भाषेत सांगून पाहिलं, की पत्र हे संयुक्त खातं असतं.

"कुठल्या प्रकारचं?" मामा म्हणाले. "दोघांच्या सह्या लागतात ते, की दोघांपैकी कोणीही एक सही करतो ते?"

वनस्पतिशास्त्राच्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. आपण सगळे पत्रं वापरतो ती दुसऱ्या प्रकारची समजून. आलेलं पत्र मनाला येईल तेव्हा फाडतो, मनाला येईल त्याला दाखवतो, पुढे ढकलतो. दुसऱ्या खातेदाराची सही कोणी मागत नाही. मामांचं म्हणणं असं पडलं, की कामाची पत्रं एका सहीची आणि काळजातली पत्रं दोन सह्यांची. पत्रावर तसा शिक्का नसतो, तो वाचणाऱ्याने ओळखायचा. ओळखता आला म्हणजे तो शिक्षक. नाही तर नुसता खातेदार.

मग मामांनी उरलेल्या दोन महिन्यांत जे केलं, ते त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात कोणी केलेल्या भाषणापेक्षा मला जास्त भाषण वाटलं. खात्याच्या कामकाजाची पत्रं त्यांनी विभागप्रमुखांकडे रीतसर सुपूर्द केली. ती खुर्चीची होती. स्वतःच्या संशोधनाची कपाटात ठेवली. आणि अशी दोन सह्यांची पत्रं निघाली चव्वेचाळीस जणांची. त्या सगळ्यांचे आजचे पत्ते शोधून मामांनी प्रत्येकाला दोन ओळी लिहिल्या : तुझी जुनी पत्रं माझ्याजवळ आहेत, काय करू?

बाराजणांचं उत्तर आलं नाही. बऱ्याच जणांनी 'सर, काढून टाका' असं लिहिलं. मामांनी टाकली, आणि त्या वेळी मात्र कायमचं नष्ट करण्याच्या त्या कलमाचा त्यांना उपयोग झाला. एकाने लिहिलं की त्यात फक्त प्रॅक्टिकलला उशीर का झाला त्याच्या थापा आहेत, त्या अवश्य जपाव्यात.

त्या मुलीचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. ती आता एका महाविद्यालयात शिकवते. तिने लिहिलं होतं : माझं विद्यार्थ्याचं खातं मी पास झाले त्याच वर्षी बंद झालं, त्या वर्षातलं माझ्याकडे काहीच नाही, मी तेव्हा काय लिहिलं होतं ते मला आठवत नाही, तुम्ही काय लिहिलं होतं ते आठवतं, तेराही पाठवाल का? म्हणजे मी म्हटल्याप्रमाणे 'राहू द्या' केलं असतं तर दुसऱ्या खातेदाराची ठेव परस्पर बुडाली असती. मामांनी तेराही पाठवली आणि मग आपल्याकडची नक्कल काढून टाकली. मी विचारलं, "एखादी ठेवायची होती." मामा म्हणाले, "लॉकर रिकामा करून दिल्यावर तुम्ही एखादा दागिना ठेवून घेता का?"

बारा जणांचा प्रश्न तेवढा राहिला. त्यांची पत्रं कपाटात एका वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, न वाचता. त्याला आमच्याकडे दाखला आहे. दहा वर्षं कोणी न विचारलेली ठेव आम्ही रिझर्व्ह बँकेच्या २०१४ साली काढलेल्या निधीत जमा करतो. पण ठेवीदार किंवा त्याचा वारस नंतर केव्हाही आला, तरी त्याचा हक्क जात नाही. पैशाच्या बाबतीत जी सभ्यता कायद्याने सांभाळली आहे, ती मजकुराच्या बाबतीत ज्याची त्याने सांभाळायची, एवढाच फरक.

हे सारं मी मामीला कौतुकाने सांगितलं, तेव्हा तिने कपाटावरच्या ट्रंकेकडे बोट दाखवलं. लग्नापूर्वी मामांनी लिहिलेली पत्रं तीत आहेत म्हणे. मी हार्डविकसाहेबांचा निवाडा ऐकवला : कागद तुझा मामी, पण मजकूर मामांचा.

"मजकूरही माझाच," मामी म्हणाली, "त्यांनी फक्त लिहून दिला."

मामांनी वर पाहिलं नाही. ते फोल्डर आवरत होते.