पंगू फूल, आंधळी माशी आणि आभाळाची वाट

सांख्यशास्त्रात अंधपंगुन्याय म्हणून एक प्रसिद्ध दृष्टांत आहे. एक आंधळा आणि एक पांगळा रानात सापडले. आंधळ्याला पाय होते, डोळे नव्हते. पांगळ्याला डोळे होते, पाय नव्हते. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला, त्याने वाट सांगितली, हा चालला, आणि दोघेही गावाला लागले. पाठशाळेत हा न्याय आम्ही प्रकृतिपुरुषांच्या विवेचनासाठी शिकलो. पण त्याचे चालतेबोलते उदाहरण पाहायचे असेल तर भाद्रपदात सह्याद्रीच्या पठारावर पाहावे.

फूल हे पांगळे. ते जागचे हलत नाही. त्याचा पराग दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पोचल्याखेरीज पुष्कळ जातींत बीच धरत नाही. माशी ही आंधळी. अहो, डोळे तिला पाच आहेत, पण आपल्या हातून कोणते कार्य होत आहे ते तिला दिसत नाही. ती मधासाठी येते, अंगाला पराग लागतो, आणि न कळत ती एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवते. पांगळे फूल रंगाने आणि वासाने वाट दाखवते, आंधळी माशी चालते.

मात्र या न्यायात एका गोष्टीचा विचार राहिला आहे, तो म्हणजे वाटेचा. दोघे सज्ज आहेत, पण वाटच बंद असेल तर? डोंगरावर ही वाट म्हणजे हवामान. ती केव्हा उघडते, केव्हा मिटते, यावर सगळा संसार उभा आहे.

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर. खाली काळा पाषाण, वर जांभ्याचा थर, आणि त्यावर कित्येक जागी वीतभरसुद्धा माती नाही. तरी तेथे ८५० च्या वर जातींच्या फुलझाडांची नोंद आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील काही स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत कास आहे. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी सातारा जिल्ह्याच्या पूर्व अंगाने जाते, तेव्हा वारकऱ्यांच्या पायांना बहुधा धूळच लागते. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला त्या दिवसांत ढग जमिनीवर टेकलेले असतात.

येथे कोणी शंका घेईल की, पावसानेच फुले येतात, मग पाऊस हे विघ्न कसे? त्याचे समाधान असे. पाऊस झाडाचा पोशिंदा आहे, पण फुलाच्या आणि माशीच्या भेटीत तो आड येतो. सर चालू असता माशी घराबाहेर पडत नाही. पराग धुऊन जातो. फुलातला मध पाण्याने पातळ होतो, आणि पातळ मधासाठी एवढा खटाटोप कोण करील? शिवाय माशी दिशा धरते सूर्यावरून. आभाळाचा एक निळा तुकडा दिसला तरी तेवढ्या प्रकाशावरून तिला सूर्याचे ठिकाण कळते. हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने सिद्ध केले. त्याला १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सगळेच आभाळ झाकले म्हणजे तिला ओळखीच्या खुणांवर भिस्त ठेवावी लागते. महाबळेश्वरकडचे मधपाळ भर पावसात सातेरी माश्यांच्या पेटीत साखरेचा पाक ठेवतात तो एवढ्याचसाठी. रान हिरवेगार, आणि माशीच्या घरी मात्र उपास!

थंडीचेही तसेच. उडण्याआधी माशीला अंग तापवावे लागते. पंख न हलवता ती छातीचे स्नायू थरथरवते आणि ऊब आणते. त्यासाठी पोटातला मध खर्च होतो. म्हणून हिमालयात फार उंचावर मधमाश्या विरळ होतात, आणि केसाळ भुंगे व इतर माश्या हे काम उचलतात.

मग मघा सरतात, पूर्वा लागतात, आणि सह्याद्रीवर उघडीप पडू लागते. दोन सरींच्या मध्ये तासभर ऊन. एवढ्या अवकाशात तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे पठारभर पसरतात. उत्तरा आणि हस्त सरेपर्यंत बहुतेक खेळ आटोपतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आपण चंचल माणसाला लावतो. पण तेरड्याच्या बाजूने बघा बरे! त्याच्या पदरी दिवस थोडे, त्यांत पावसाची झड, वारा, धुके. जे दोन घटका ऊन मिळेल त्यात त्याला पाहुणा यायला हवा. त्याचा रंग म्हणजे चंचलपणा नव्हे, ती हाक आहे.

आणि या अडचणीवर प्रत्येकाने आपापला उपाय योजला आहे. सोनकीचे जे एक फूल आपण म्हणतो तो बारीक फुलांचा मेळाच असतो. ती कडेकडून आत अशी क्रमाने उमलतात. एक दिवस पावसात गेला तरी दुसरा हाताशी राहतो. पांढऱ्या हबे आमरीसारखी फुले रात्री सुगंध सोडून पतंगांना बोलावतात. कंदीलपुष्प तर पाहुण्याला मुक्कामालाच ठेवते. आत शिरलेल्या चिलटाला खाली वळलेले केस बाहेर पडू देत नाहीत. पुढे ते केस सुकतात आणि चिलट परागाचे गाठोडे घेऊन सुटते. कारवीची गोष्ट सर्वांहून निराळी. ती सात-आठ वर्षे नुसती वाढते, एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. इतक्या वर्षांची साधना आणि भेटीचा हंगाम एकच! तेवढ्यात आभाळाने वाट दिली नाही तर त्या झाडाला दुसरा हंगाम नाही.

आता चिंतेची बाब सांगतो. फूल एका खुणेवर जागे होते, किडा दुसऱ्या खुणेवर. हजारो वर्षे ऋतूने दोघांचा मेळ राखला. हवा तापू लागली तेव्हा हा मेळ सुटण्याचे भय आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात गॉथिक या ठिकाणी १९७० च्या दशकापासून शास्त्रज्ञ दर वर्षी फुले मोजत आले आहेत. त्यांना असे आढळले की, बर्फ लवकर वितळले म्हणजे कळ्या लवकर येतात, आणि मागून पडणारे कडक हिव त्या कळ्या जाळून टाकते. मग माशी आली तरी ताट रिकामे. आपल्याकडे बर्फ नाही. पण पावसाने मध्येच दडी मारली तर जांभ्यावरची ती बोटभर माती लगेच सुकते, आणि पाऊस हटेनासा झाला तर उघडीपच मिळत नाही.

कोणी म्हणेल, माशी तर पोटासाठी हिंडते, यात परमार्थ कुठला? अहो, आपल्या विद्यार्थिदशेतील माधुकरीला हे नाव कोणावरून पडले? मधुकरावरूनच. दारोदार थोडे थोडे घ्यावे, कोणाचे घर रिकामे करू नये, हा त्यातला धर्म. माशी पोट भरते, पण फूल मोडून नव्हे. उलट ती गेल्यावर फूल फळाला लागते. घ्यावे ते असे, की देणाऱ्याचा वंश वाढावा.

यात आपलाही घास अडकला आहे. घाटमाथ्यावर शेतकरी कारळा पेरतात. तो पावसाळ्याच्या अखेरीस पिवळा फुलतो, आणि माश्यांनी परपराग आणल्याशिवाय त्यात दाणा नीट भरत नाही. रानफुलांनी भाद्रपदात माशी जगवली, तर ती पुढे कारळ्यावर येईल. भाकरीवरच्या कारळ्याच्या चटणीत त्या रानाचा वाटा आहे.

मग आपण काय करावे? आभाळ आपल्या हाती नाही, पण जमीन आहे. चातुर्मासात संन्याशाने एका जागी राहावे असा जुना नियम आहे. त्याचे एक कारण असे की, पावसाळ्यात भूमी जीवजंतूंनी भरलेली असते, ते पायाखाली येऊ नयेत. पुष्कळ रानमाश्या जमिनीतच बिळे करून पिल्ले वाढवतात. म्हणून कासला जाल तर आखलेली पायवाट सोडू नका, फुलांत बसून चित्रे काढू नका, फूल खुडू नका. मोहोळ पेटत्या पलित्याने जाळू नका. पीक फुलावर असता सकाळी औषध फवारू नका. ती माशीची वेळ आहे. डोंगराला वणवा लावू नका.

पांगळ्याला खांदा देणारा आंधळा आहे, आंधळ्याला वाट सांगणारा पांगळा आहे. आपल्याला तर हात, पाय, डोळे, सगळे दिले आहे. त्या दोघांच्या वाटेत आपण आडवे उभे राहिलो नाही, तरी यंदाच्या चातुर्मासाचे एक व्रत घडले असे आम्ही समजू.

रामकृष्णहरि.