मुलाच्या मनाला कडी असावी का?

करोनाकाळात, 2020 मध्ये, शिक्षण मंत्रालयाचा ‘मनोदर्पण’ उपक्रम आला आणि ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक देशभर सुरू झाला. दहावीतली मुलगी आता घरबसल्या समुपदेशकाशी बोलू शकते. फोन ठेवला की आई विचारते, ‘काय काय सांगितलंस?’ मुलगी गप्प, आणि समुपदेशकही सगळं सांगायला तयार नसतो. पालक इथे दुखावतात. पोर आमचं, तर त्याचं मन आमच्यापासूनच झाकलेलं कसं? प्रश्न रास्त आहे, पण तो मानसशास्त्राच्या आधी नीतीचा आहे. ‘तू असं का केलंस?’ असा जाब आपण मुलाला विचारतो, तेव्हा आत कुणीतरी स्वतः ठरवणारं आहे हे आपण मान्य केलेलं असतं. दोष द्यायच्या वेळी ते स्वतंत्र आणि मन मोकळं करायच्या वेळी मात्र आमचं, अशी दुहेरी वाटणी टिकत नाही.

हे व्यक्तिवादाचं पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्या घरात कुणाचं काही लपलेलं नसतं, असं यावर म्हटलं जातं. (घरात खरोखर काहीच लपलेलं नसतं, हे म्हणणाऱ्याने आपलं स्वतःचं तारुण्य जरा आठवावं.) पण कुटुंबाला पवित्र मानणाऱ्या परंपरांनीही मुलाला ही जागा दिली आहे. कॅथलिक चर्चचंच पाहा. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये ठरवून दिलं की साधारण सातव्या वर्षी मुलाला बरंवाईट कळू लागतं आणि तेव्हापासून त्याने पापनिवेदन करावं. वसईतलं किंवा गोव्यातलं सात-आठ वर्षांचं मूल फादरला जे सांगतं, ते आईवडिलांना विचारता येत नाही आणि फादरलाही सांगता येत नाही. घर मोडेल अशी भीती तिथे कुणाला वाटत नाही. आपल्याकडेही, मुलगा सोळाचा झाला की त्याला मित्रासारखं वागवावं, हे सुभाषित अनेकांना पाठ असतं. आणि मित्राच्या फोनमधली कॉलची यादी कुणी तपासत नाही.

खरा जड आक्षेप वेगळा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. हा आकडा समोर असताना गुपिताचा हक्क मिरवणं पालकांना क्रूर वाटलं तर नवल नाही. म्हणूनच समुपदेशकाचं मौन फादरच्या मौनासारखं अभेद्य नसतं आणि नसावंही. जिवाला धोका दिसला तर त्याने घरच्यांना कळवायचं असतं. लैंगिक अत्याचार कळला तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. मात्र या मर्यादा पहिल्याच भेटीत, मूल आणि पालक दोघांसमोर सांगायला हव्यात. मागाहून फुटलेलं गुपित मुलाला पुन्हा कुणाकडेही तोंड उघडू देत नाही, आणि धोक्याच्या काळात सगळ्यांत महाग पडतं ते हेच. सगळं कळावं म्हणून हट्ट धरणाऱ्या पालकाला अशाने शेवटी काहीच कळत नाही.

राहिला पडद्याचा, म्हणजे समोर न बसता फोनवरून बोलण्याचा प्रश्न. इंटरनेटवर पापनिवेदनासारखे चर्चचे संस्कार होत नाहीत, असं व्हॅटिकनने 2002 मध्येच स्पष्ट केलं, कारण संस्काराला प्रत्यक्ष सान्निध्य लागतं. समुपदेशन हा संस्कार नाही. तिथे जे घडतं ते बोलण्यातून. चेहरा झाकल्याने जीभ सैल होते, हे पापनिवेदनाच्या जाळीनेही ओळखलं होतं. पण जाळी चर्चमध्ये असते, फोन घरात असतो. एका खोलीच्या बिऱ्हाडात आजी जपमाळ ओढतेय, धाकटा भाऊ गृहपाठ करतोय आणि मुलगी कानात इअरफोन घालून कोपऱ्यात बसली आहे. समुपदेशकाचा आवाज तिच्यापुरता राहतो, तिचा सगळ्यांना ऐकू येतो. मग ती ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ एवढ्यावर भागवते आणि समुपदेशकाला हो-नाहीत उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारावे लागतात. ऑनलाइन सोय करून सरकारने अंतर मिटवलं, पण एकांत काही फोनबरोबर मिळत नाही. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं. त्या नेमणुकीसोबत शाळेने आतून कडी लागणारी एक खोली आणि चालू इंटरनेटही द्यावं, म्हणजे दूरच्या तज्ज्ञाशी बोलायलाही मुलीला घरातला तो कोपरा शोधावा लागणार नाही.