बिलोएलाचा रहिवासी दाखला

पासपोर्टचा अर्ज भरताना ओळखीच्या दोन माणसांची नावं द्यावी लागतात. मग एक दिवस पोलीस येतो आणि शेजारच्या दारात उभ्याउभ्याच विचारतो, "हे इथंच राहतात ना? माणसं कशी आहेत?" शेजारी म्हणतो, "चांगली आहेत." कागदावर सही होते. गावाकडं हेच काम रहिवासी दाखला करतो. 'सदर इसम आमच्या ओळखीचे असून' अशी त्याची ठरलेली भाषा. या दाखल्यांची आपण टिंगल करतो, कारण ते कसे मिळतात हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्यामागं एक जुनं शहाणपण आहे: माणूस कुठला आहे, हे सरकारपेक्षा शेजाऱ्याला जास्त कळतं.

ऑस्ट्रेलियातल्या जेमतेम सहा हजार वस्तीच्या एका गावानं चार माणसांना असा दाखला द्यायचा ठरवलं. तो स्वीकारणारी खिडकीच त्या देशात नव्हती. ती उघडायला चार वर्षं तीन महिने लागले.

बिलोएला हे गाव क्वीन्सलंड राज्यात, ब्रिस्बेनपासून सुमारे सहाशे किलोमीटर आत आहे. तिथल्या आदिवासींच्या भाषेत या नावाचा अर्थ पांढरा काकाकुवा. आसपास कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र, कापूस, गुरं आणि गावाला मजुरी देणारं मीटवर्क्स, म्हणजे गुरं कापून मांस खोक्यांत भरणारा कारखाना. हे काम करायला स्थानिक पोरं फारशी तयार नसतात, म्हणून बाहेरून आलेली माणसं लागतात. एक श्रीलंकन तमिळ गृहस्थ त्यांपैकीच. 2012 मध्ये तो बोटीनं आला, त्याची पुढं बायको झालेली बाई 2013 मध्ये वेगळ्या बोटीनं आली. लग्न ऑस्ट्रेलियात झालं. दोन मुली बिलोएलात झाल्या, 2015 आणि 2017 मध्ये. तो मीटवर्क्समध्ये राबायचा, सुट्टीच्या वेळी एका धर्मादाय संस्थेत फुकट काम करायचा. ती करी करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि इस्पितळातल्या लोकांना खाऊ घालायची. एवढंच. गावाला वेड लागावं असं यात काही नव्हतं.

5 मार्च 2018 रोजी पहाटे पाचला दार वाजलं. बाईच्या तात्पुरत्या व्हिसाची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. सीमा दलाची माणसं, पोलीस आणि खासगी सुरक्षारक्षक दारात उभे. सामान बांधायला दहा मिनिटं दिली गेली. धाकटी तेव्हा नऊ महिन्यांचीही नव्हती. त्याच दिवशी चौघांना मेलबर्नच्या स्थानबद्धता केंद्रात नेलं आणि आठवड्याभरात पर्थच्या विमानतळावर विमानात चढवून पुन्हा उतरवलं. वकिलांनी अगदी शेवटच्या घटकेला धाव घेतली म्हणून.

गावात बातमी पसरली तेव्हा पहिली प्रतिक्रिया राजकीय नव्हती. 'त्यांना असं पहाटे उचललं?' अशी होती. मला या मोहिमेतली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ज्या बायांनी ती उभी केली त्यांत समाजसेविका होत्या, शिक्षिका होत्या, गावातल्या इतर साध्या बाया होत्या. निर्वासितांच्या हक्कांसाठी झगडण्याचा अनुभव त्यांच्यातल्या बहुतेकींच्या गाठीशी नव्हता. त्यांनी एक सह्यांचा अर्ज काढला. मागणी एका ओळीची: आमच्या माणसांना घरी आणा. मोहिमेचं नावही तसंच, 'होम टू बिलो'. 'न्याय द्या', 'कायदा बदला' असलं काही नाही. घरी आणा. सह्या वाढत वाढत सहा लाखांच्या पार गेल्या. गावाच्या लोकसंख्येच्या शंभरपट.

आता हे गाव कसलं, तेही सांगायला हवं. ते ज्या फ्लिन मतदारसंघात येतं, तो परंपरेनं उजव्या लिबरल-नॅशनल आघाडीचा. ज्या सरकारनं ते कुटुंब उचललं, त्याच सरकारला इथं मतं पडत होती. 2022 च्या निवडणुकीतही तिथं त्याच पक्षाचा उमेदवार निवडून आला. म्हणजे 'बोटी थांबवा' या धोरणाला मत देणारी आणि बोटीनं आलेल्या शेजाऱ्यासाठी मेणबत्ती घेऊन उभी राहणारी माणसं बऱ्याच अंशी तीच होती. शहरी पुरोगाम्यांना यात विसंगती दिसली. मला दिसत नाही. 'बोट' हा एक शब्द आहे आणि शेजारीण ही एक बाई आहे. आपल्याकडं 'परप्रांतीय' या शब्दावर तावातावानं बोलणारा माणूस आपल्या इस्त्रीवाल्याच्या पोराच्या शाळाप्रवेशासाठी मुख्याध्यापकांकडं खेटे घालतो, तसंच हे.

सरकारची बाजू पोकळ नव्हती, हे मान्य करून पुढं गेलं पाहिजे. या दांपत्यानं आश्रय मागितला होता. लंकेत परतल्यास जिवाला धोका आहे, असं त्यांचं म्हणणं. ते प्रत्येक पायरीवर फेटाळलं गेलं, 2019 च्या मे महिन्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयानंही दाद दिली नाही. बोटीनं येताना हजाराहून अधिक माणसं समुद्रात बुडाली होती, आणि एकाला सूट दिली तर दलाल पुन्हा बोटी भरतील, असा सरकारचा युक्तिवाद होता. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांच्या कार्यालयात तर बोटीच्या आकाराचं एक स्मृतिचिन्ह होतं, त्यावर कोरलेलं: या मी थांबवल्या. युक्तिवाद गंभीर असेल, पण मेजावरचं खेळणं झालं की त्याचं गांभीर्य उरत नाही.

आणि कायद्यातली ती एक गंमत. 2014 साली संसदेनं असं ठरवलं, की बोटीनं आलेल्यांना ऑस्ट्रेलियात झालेलं मूलही 'अनधिकृतपणे समुद्रमार्गे आलेली व्यक्ती' समजलं जाईल. बिलोएलात वाढणाऱ्या त्या दोघी, ज्यांनी बोट पाहिलीही नव्हती, कायद्यानं बोटीतून उतरल्या होत्या. अशा व्यक्तीला मंत्र्यानं परवानगी दिल्याशिवाय व्हिसाचा अर्जसुद्धा करता येत नाही. पुढं जी कोर्टकचेरी चालली ती याच फटीतून, धाकटीच्या नावानं.

29 ऑगस्ट 2019 च्या रात्री चौघांना खास विमानात घालून श्रीलंकेकडं रवाना केलं गेलं. विमान हवेत असताना मेलबर्नच्या एका न्यायाधीशांनी फोनवरून मनाई हुकूम दिला. विमान डार्विनला उतरवावं लागलं. आता त्यांना मेलबर्नला परत आणतील, असं कुणालाही वाटलं असतं. नेलं ख्रिसमस बेटावर. हे बेट ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीपासून दीडेक हजार किलोमीटर दूर आहे, जावा बेट त्याहून कितीतरी जवळ. तिथल्या केंद्रात त्या वेळी दुसरं कुणीही नव्हतं. चार माणसं आणि त्यांच्यावर पहारा करणारे पगारी रक्षक. मोहिमेला सगळ्यात मोठी मदत कुणी केली असेल तर ती या निर्णयानं. इतक्या क्षुल्लक गुन्ह्याला इतकी अवाढव्य शिक्षा पाहून ज्यांना या विषयात रस नव्हता त्यांनाही लाज वाटायला लागली.

2020 च्या एप्रिलमध्ये संघीय न्यायालयानं निकाल दिला, की धाकटीच्या प्रकरणाचा विचार करताना तिला तिची बाजू मांडायची संधीच दिली नाही. खर्चापोटी सरकारला दोन लाखांहून जास्त डॉलर भरायला लावले. तरी कुटुंब बेटावरच. जून 2021 मध्ये ती मुलगी तापानं फणफणली. आईबाप दिवसेंदिवस औषध मागत होते, असं त्यांचं आणि समर्थकांचं म्हणणं. शेवटी विमानानं पर्थच्या इस्पितळात हलवलं, तेव्हा न्यूमोनिया आणि रक्तात जंतुसंसर्ग. तिचा चौथा वाढदिवस तिथंच झाला. इस्पितळातल्या खाटेवर रडणाऱ्या धाकटीच्या गालावर थोरली ओठ टेकवतेय, असा एक फोटो देशभर गेला. त्यानंतर कुटुंबाला पर्थमध्ये राहायची मुभा मिळाली. बिलोएलाला जायची नाही.

21 मे 2022 रोजी सरकार बदललं. सहाच दिवसांत हंगामी गृहमंत्री जिम चाल्मर्स यांनी स्थलांतर कायद्याचं कलम 195 अ वापरून व्हिसे दिले. 10 जूनला विमान गावाजवळच्या थँगूलच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. गाव जमलेलं होतं. दोन दिवसांनी धाकटीचा पाचवा वाढदिवस, आणि तो पहिला होता जो स्थानबद्धतेबाहेर साजरा झाला. तिचा पहिला वाढदिवसही कोठडीतलाच, हे लक्षात येतं तेव्हा 'चार वर्षं तीन महिने' या शब्दांचं वजन कळतं. ऑगस्टमध्ये कायमचा व्हिसा मिळाला.

ही हकिकत इथंच संपवली तर ती छान होईल, म्हणूनच संपवता येत नाही.

एक अडचण आहे. मोहीम जिंकली ती कायद्याच्या मुद्द्यावर नाही, 'ही आमची चांगली माणसं आहेत' या मुद्द्यावर. बाप कष्टाळू, आई सुगरण, मुली गोजिरवाण्या. समजा बाप घुमा असता, गावात कुणाशी बोलत नसता? समजा मुली नसत्याच, नुसता एक तिशीतला तमिळ तरुण असता, ब्रिस्बेनच्या उपनगरात चौघांबरोबर खोली करून राहणारा? त्याच्यासाठी कुणी सह्या गोळा केल्या असत्या? त्याच कायद्याखाली, त्याच काळात बोटीनं आलेली सुमारे तीस हजार माणसं होती. त्यांचे अर्ज ज्या झटपट पद्धतीनं तपासले गेले तिच्यात फेरविचार बहुधा नुसत्या कागदांवरून व्हायचा. 2023 मध्ये त्यांतल्या तात्पुरतं संरक्षण मिळालेल्या सुमारे एकोणीस हजारांना कायम होण्याची वाट मोकळी झाली. ज्यांना पहिल्याच फेरीत नकार मिळाला होता, ती हजारो माणसं तशीच राहिली. त्यांतल्या काही जणींसह बावीस स्त्रिया त्याच वर्षी मेलबर्नहून कॅनबेराला, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, पायी चालत गेल्या. ऑगस्ट 2024 मध्ये, लहानपणी बोटीनं आलेल्या आणि दहा वर्षांहून जास्त काळ असंच टांगणीला लागलेल्या एका तमिळ तरुणानं मेलबर्नमध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याचेही मित्र होते, शेजारी होते. फक्त त्याच्या मागं उभं राहील असं गाव नव्हतं.

कलम 195 अ कडं नीट पाहावं. ते मंत्र्याला स्थानबद्धतेतल्या कुणालाही व्हिसा देण्याचा अधिकार देतं, आणि तो वापरायलाच हवा असं कुठलंही बंधन घालत नाही. न्यायालय त्याला भाग पाडू शकत नाही. हा अधिकार देवासारखा आहे, असं तिथले लोकच म्हणतात. आपल्याला ही भाषा नवी नाही. दरबारात अर्ज, मग वाट पाहणं, आणि मर्जी झाली तर कृपा. बिलोएलाच्या बायांनी चार वर्षांत कायद्याचं एक अक्षरही बदललं नाही. त्यांनी मर्जी बदलली, खरं तर मर्जी असलेला माणूस बदलेपर्यंत दम धरला.

तरीही या मोहिमेला हिणवावं असं मला वाटत नाही. ऑस्ट्रेलियात 1965 मध्ये पाच वर्षांच्या एका फिजी-भारतीय मुलीला असंच परत पाठवलं होतं. तेव्हा गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया हेच धोरण होतं. आदिवासी नेते चार्ल्स पर्किन्स यांनी सिडनीच्या विमानतळावर तिचं लुटुपुटीचं अपहरण केलं, देशानं दखल घ्यावी म्हणून. पोर गेलीच. पण त्या एका पोरीमुळं कित्येकांना आपलं धोरण प्रथमच चेहऱ्यासकट दिसलं. 1973 मध्ये ते धोरण मोडीत निघालं आणि ती परत आली. ओळख हा न्याय नव्हे, पण न्यायाला आपण कुणाबद्दल बोलतोय हे पुष्कळदा ओळखीतूनच समजतं. माझी तक्रार बिलोएलाबद्दल नाही, बाकीची गावं गप्प राहिली त्याबद्दल आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या माणसांशी या विषयावर बोलून पाहा. पुष्कळ जण म्हणतात, आम्ही रांगेत उभं राहून आलो, गुण मोजून घेतले, इंग्रजीच्या परीक्षा दिल्या, मग हे मधूनच कसे? हा राग समजण्यासारखा आहे. फक्त, ज्याचं घर जळतंय त्याच्यासाठी ती रांग कुठल्या खिडकीपाशी सुरू होते, हेही सांगायला हवं.

आणि आपण फार लांबून बोलतोय, असंही नाही. त्याच लंकेतून, तिथल्या यादवी युद्धातून पळालेली माणसं 1983 पासून तामिळनाडूतल्या छावण्यांमध्ये राहतात. भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही, आणि 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत श्रीलंकेचं नाव नाही. छावणीत जन्मलेली पिढी आता स्वतः आईबाप झाली आहे. बिलोएलाच्या कुटुंबाला कायमचा व्हिसा मिळाला त्याच ऑगस्ट 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिरुचिरापल्लीच्या छावणीतल्या एका बाईला पासपोर्ट द्यायचा आदेश दिला. तिचा जन्म 1986 साली मंडपमच्या छावणीतला, आणि 1 जुलै 1987 च्या आधी भारताच्या भूमीवर जन्मलेलं मूल जन्मानंच भारतीय ठरत होतं. 19 एप्रिल 2024 रोजी तिनं लोकसभेसाठी पहिल्यांदा मत दिलं. आईवडील दोघंही लंकेचे आणि जन्म त्या तारखेनंतरचा, असे तिचे छावणीतले शेजारी त्या दिवशी घरीच होते.