किती महिन्यांचा महापौर?

नगरसेवकाने पक्ष बदलला तर त्याचं पद काढून घेणारा एक कायदा महाराष्ट्रात आहे, १९८६चा. त्या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात एक मराठी शब्द जसाच्या तसा बसला आहे: आघाडी. स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत उमेदवार उभे करायला एकत्र आलेल्या माणसांचा गट, अशी त्याची व्याख्या तिथे केली आहे. शेजारी 'फ्रंट' हा इंग्रजी प्रतिशब्द आहे, तरी मूळ शब्द सोडलेला नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आनंद झाला. गावाचा कारभार बघण्यासाठी गावापुरता पक्ष असू शकतो, हे कायद्याने आपल्याच भाषेत मान्य केलं होतं. आणि आम्हा कोल्हापूरकरांच्या महापालिकेचं निम्म्याहून जास्त आयुष्य याच शब्दाभोवती गेलं आहे.

आमची नगरपालिका १८५४ची, महापालिका १९७२ची आणि महापालिकेची पहिली निवडणूक १९७८ची. पुढे कितीतरी वर्षं इथे विधानसभेला एक हिशेब आणि महापालिकेला दुसराच, असं चालायचं. दिल्ली-मुंबईतले पक्ष महापालिकेच्या दारात चपला काढून आघाडी म्हणून आत यायचे. महादेवराव महाडिक यांच्या नेतृत्वाखालच्या ताराराणी आघाडीने तर दीर्घकाळ महापालिकेवर पकड ठेवली. मी शिवाजी पेठेत वाढलो. आमच्याकडे उमेदवाराचा पक्ष कोणी विचारत नसे. कोणत्या तालमीचा, कुणाचा पाहुणा, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला गाडी काढतो का, गटार तुंबलं तर स्वतः येऊन उभा राहतो का, एवढं बघितलं जाई. यात खोट होती, पण माणसाची पारख होती. गल्लीला आपला माणूस ओळखता येत होता.

मात्र त्याच माणसाने सभागृहात जाऊन काय केलं, हे गल्लीला कळत नव्हतं. तिथे 'कारभारी' नावाची जमात तयार झाली. पद कोणाकडेही असो, निर्णय ठराविक चार-सहा नगरसेवक घेणार. ठेक्यात, जागेच्या आरक्षणात हात मारणं याला कोल्हापुरात 'ढपला पाडणं' म्हणतात. लाकडाचा ढपला पाडावा तसा शहराचा तुकडा पाडून न्यायचा. एखाद्या गावाला या गोष्टीसाठी खास शब्द लागावा, याचं मला आजही वाईट वाटतं. ढपला कुणी पाडला हे लोकांना अंदाजाने माहीत असे, पण पुढच्या निवडणुकीत जाब विचारायचा कुणाला? आघाडीचं नाव बदललेलं असे, माणसं इकडची तिकडे गेलेली असत.

म्हणून २०१० मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी हे मोठे पक्ष आपापल्या चिन्हावर उतरले तेव्हा आमच्यासारख्या अनेकांना ते हवंसं वाटलं. चिन्ह आलं की जबाबदारी येईल, अशी आशा होती. २०१५ला ८१ जागांपैकी काँग्रेसला २७, ताराराणी आघाडीला १९, राष्ट्रवादीला १५ मिळाल्या. भाजप ताराराणीसोबत होता. सतेज पाटील यांची काँग्रेस आणि हसन मुश्रीफ यांची राष्ट्रवादी यांनी मिळून सत्ता घेतली. आता पक्ष होते, गटनेते होते, व्हीप होता. महापौरपदाची मुदत कायद्याने अडीच वर्षांची. तरीही अश्विनी रामाणे यांच्यापासून निलोफर आजरेकर यांच्यापर्यंत पाच वर्षांत आठ महापौर झाले. या प्रकारालाही आमच्याकडे शब्द आहे: पदांची खांडोळी. काही महिने तुझे, काही महिने तिचे. आठही महापौर स्त्रिया होत्या आणि यातला त्यांचा दोष मी शोधत नाही. कामाची फाईल समजायला लागते न लागते तोच राजीनामा लिहून द्यायचा, हे ठरवणारे सभागृहाबाहेर बसलेले होते. आघाडीच्या काळातली रीत चिन्हाच्या काळातही तशीच राहिली.

याच सुमारास मी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या निवडणुकांबद्दल वाचायला लागलो. तिथे आमच्या उलट प्रवास झालेला दिसला. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये टॅमनी हॉल या नावाने ओळखली जाणारी डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना होती. बोटीतून उतरलेल्या गरीब आयरिश माणसाला ती काम मिळवून द्यायची, हिवाळ्यात कोळसा द्यायची, घरात कुणी गेलं तर खर्चाला उभी राहायची. बदल्यात मत. आणि मतांच्या जोरावर ठेके. तिचा म्होरक्या विल्यम ट्वीड शेवटी तुरुंगातच मेला. या सगळ्याला विटलेल्या सुधारकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उपाय काढला, तो असा: शहराच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच छापायचं नाही. रस्ता झाडण्यात कसला आलाय पक्ष?

आज तिथली बहुतेक शहरं याच पद्धतीने चालतात. लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, फिनिक्स, डॅलस, आणि १९९९पासून शिकागोसुद्धा. आमच्या शेजारच्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार अमेरिकेच्या संसदेत डेट्रॉइटच्या भागातून डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिकिटावर निवडून गेले आहेत. पण त्याच डेट्रॉइटचा मतदार महापौर निवडताना मतपत्रिकेवर फक्त नावं बघतो.

याचं काय होतं ते डॅलसमध्ये दिसलं. एरिक जॉन्सन हे डेमोक्रॅट आमदार २०१९ मध्ये महापौर झाले. मे २०२३ मध्ये पुन्हा उभे राहिले तेव्हा मतपत्रिकेवर त्यांच्याशिवाय दुसरं नाव नव्हतं. मतदानाला अगदीच थोडे लोक आले. आणि त्याच सप्टेंबरात त्यांनी जाहीर केलं, की आपण आता रिपब्लिकन. आपल्याकडे नगरसेवकाने असं केलं तर १९८६च्या कायद्याखाली अर्ज तरी करता येतो. डॅलसच्या मतदाराला तेही नाही, कारण कागदोपत्री पक्ष नव्हताच. पक्षाचं नाव पुसलं की ठेकेदार पुसला जात नाही, हे तिथे शंभर वर्षांत कळून चुकलं आहे. उलट ज्याचं नाव आधीच लोकांच्या तोंडी आहे, जो खुर्चीवर आहे, ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा आहे, त्याचं फावतं. आणि कामावर जाणारा, दोन वेळची भ्रांत असलेला मतदार, ज्याला पक्षाची खूण पाहून निदान दिशा कळत होती, तो मतदानालाच येत नाही.

न्यूयॉर्कने पक्षाचं नाव ठेवलं. तिथे वेगळंच दुखणं. डेमोक्रॅट मतदार रिपब्लिकनांच्या कितीतरी पट, त्यामुळे खरी लढत पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीतच होते. २०२५ मध्ये २४ जूनला झोहरान ममदानी यांनी माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युमो यांना तिथेच हरवलं. मग ४ नोव्हेंबरच्या मतदानाला क्युमो अपक्ष म्हणून उभे राहिले. पण न्यूयॉर्कच्या इतिहासात मला सगळ्यात जवळचे वाटतात ते फिओरेल्लो ला गार्डिया. हा रिपब्लिकन माणूस १९३३ साली टॅमनीला विटलेल्या सगळ्या गटांना घेऊन उभा राहिला. त्या जुळणीला तिथे 'फ्यूजन' म्हणत. मी त्याचं भाषांतर बिनदिक्कत आघाडी असं करतो. तीनदा निवडून येऊन ते सलग बारा वर्षं महापौर राहिले. बारा वर्षं एकच माणूस, एकच नाव, आणि चूक झाली तर बोट कुणाकडे दाखवायचं हे शाळकरी पोरालाही ठाऊक.

इतकं लांब जायचीही गरज नाही. कागलवरून निपाणी ओलांडली की दोन-अडीच तासांत बेळगाव. तिथल्या महापालिकेत पक्षचिन्ह नव्हतं, पण बाजू होत्या: मराठी आणि कानडी. महाराष्ट्र एकीकरण समिती ही खरं तर आघाडीच, आणि तिच्याकडे महाराष्ट्रात सामील होण्याचं एकच कलम होतं, पण ते कलम असं की प्रत्येक मतदाराला पाठ. २००५ मध्ये महापालिकेने सीमाभाग महाराष्ट्रात घालण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळं फासलं गेलं आणि सरकारने महापालिकाच बरखास्त केली. २०२१ मध्ये तिथे पहिल्यांदा पक्षचिन्हांवर निवडणूक झाली, ५८पैकी ३५ जागा भाजपला गेल्या आणि समितीचे लोक बोटांवर मोजण्याइतके उरले. २०२३ मध्ये भाजपच्या शोभा सोमनाचे महापौर झाल्या. मराठीच. मला समितीच्या त्या पराभवाचं दुःख झालं, हे लपवत नाही. तरी बेळगावच्या माझ्या स्नेह्यांना मी एवढं विचारलं होतं, की समितीच्या इतक्या वर्षांत पाण्याचा, कचऱ्याचा जाहीरनामा कधी वाचलात? भाषेचा प्रश्न खरा होता, पण त्याच्या आडोशाला शहराचे प्रश्न बिनचेहऱ्याचे राहिले. मग चिन्ह घेऊन येणाऱ्याला वाट मोकळी मिळाली.

आणि आमचे प्रश्न तरी कुठे पक्षांच्या तोंडी आहेत? हद्दवाढ घ्या. १९७२पासून कोल्हापूरची हद्द एका इंचाने वाढलेली नाही. सुमारे ६७ चौरस किलोमीटरमध्ये २०११च्या गणनेनुसार साडेपाच लाख माणसं. शेजारची गावं शहराला चिकटली, त्यांची पोरं शहरात शिकतात, पाणी आणि बस शहराची, पण कर नको म्हणून गावं विरोधात. त्यांचा विरोध मी समजू शकतो, शेतीच्या जमिनीवर आरक्षण पडेल ही भीती खोटी नाही. मला राग येतो तो पक्षांचा. कोणत्याही एका पक्षाची या विषयावर एक भूमिका नाही. त्याच पक्षाचा माणूस शहरातल्या महाद्वार रोडवर हद्दवाढीच्या बाजूने बोलतो आणि शेजारच्या उचगावात विरोधी मोर्चाच्या पुढे असतो. शेवटी २०१७ मध्ये ४२ गावांचं वेगळं प्राधिकरण काढून विषय बाजूला सरकवला.

टोलचं तेच झालं. सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते खाजगी कंपनीने बांधायचे आणि तीस वर्षं टोल घ्यायचा, या योजनेला मंजुरी कोणी दिली? लोकांनी निवडलेल्या सभागृहाने. आणि त्याविरुद्ध रस्त्यावर कोण आलं? सर्वपक्षीय कृती समिती. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यामागे गाव उभं राहिलं, बायाबापड्या आल्या, तालमी आल्या, आणि २०१५ संपता संपता टोल गेला. त्या मोर्चात मी चाललो आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण 'सर्वपक्षीय' हा शब्द मला तेव्हापासून टोचतो. सगळे पक्ष विरोधात होते, तर ठरावाला हात वर कुणी केले? या प्रश्नाचं उत्तर न देताच सगळे त्याच वर्षीच्या निवडणुकीत मत मागायला आले.

महापौराच्या हातात मुळात काय आहे, हेही सांगायला हवं. आपल्याकडे कारभाराचे अधिकार राज्याने नेमलेल्या आयुक्ताकडे. महापौर सभा चालवतो. १९९८ मध्ये मुंबई-नागपुरात महापौराच्या हाती कारभार देणारी महापौर परिषद आणून पाहिली, लवकरच गुंडाळली. नगरपालिकांना मात्र थेट नगराध्यक्ष मिळतो, २०१६ला दिला, २०२०ला काढला, २०२२ला परत दिला. इचलकरंजीने २०१६ मध्ये आपला नगराध्यक्ष थेट मतांनी निवडला होता. २०२२ मध्ये गाव मोठं झालं म्हणून महापालिका झाली, आणि गावाचा प्रमुख स्वतः निवडण्याचा हक्क त्या बढतीत गेला. याबद्दल तिथे कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्यात पाच वर्षं आमच्याकडे सभागृहच नव्हतं. नोव्हेंबर २०२०ला मुदत संपली, त्यानंतर प्रशासक होता. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी २०२३च्या दिवाळीत शहरात पोचलं, तेव्हा श्रेय घ्यायला बरेच होते, पण गल्लीत पाणी आलं नाही तर फोन कुणाला करायचा हे ठाऊक नव्हतं. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२६ अखेरपर्यंत निवडणुका घ्यायला सांगितल्या. आता ८१ जागा २० प्रभागांत आहेत, बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक. चार बटणं दाबायची. चौघांची घरं, तालमी, पाहुणे ओळखणं आता पेठेतल्या माणसालाही जमणार नाही. म्हणजे चिन्हच बघितलं जाणार.

बघावं. माझा चिन्हाला विरोध नाही. कमळ, हात, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, काहीही असो, किंवा शहरातल्या लोकांनी नवी आघाडी काढावी आणि तेच नाव पाच वर्षांनी पुन्हा घेऊन यावं, मला ते सगळ्यात जास्त आवडेल. मला त्या चिन्हाकडून दोन उत्तरं लेखी हवी आहेत. मतदानाआधी. तुमचा महापौर कोण असेल, आणि किती महिने? महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत नंतर निघते, नाव कसं सांगणार, असं म्हणतील. मग प्रत्येक प्रवर्गातलं एकेक नाव द्या. आणि दुसरं, हद्दवाढीला हो की नाही, तेही शहरात आणि गावात एकाच तोंडाने.

दसऱ्यानंतर आमच्या तालमीच्या कट्ट्यावर हे बोलणं झालं. पोरांनी दोन्ही प्रश्न पांढऱ्या रंगात फळ्यावर लिहून काढले आहेत, खाली उत्तरासाठी आणि सहीसाठी जागा सोडली आहे. फळा कमानीपाशी, येणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर टांगला आहे.