पडद्याचा उजेड कुणावर पडतो

हिरोशी सुगिमोतोची छायाचित्रं कुपवाडात बसून पाहायची तर फोनवरच पाहावी लागतात, आणि फोनवर ती आधी बिघडल्यासारखीच वाटतात. जुनं भव्य थिएटर, रिकाम्या खुर्च्या आणि पडद्याच्या जागी नुसता पांढरा चौकोन. नेट गेलं म्हणून मधला तुकडा उतरायचा राहिला की काय? राहिलेलं काहीच नाही. त्या चौकोनात अख्खा सिनेमा आहे.

सुगिमोतो टोकियोचा, जन्म 1948 चा. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये असताना अख्खा सिनेमा एकाच फोटोत घ्यायचं त्याच्या मनात आलं. सिनेमा सुरू झाला की शटर उघडायचं, संपला की मिटायचं. सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे दोन तासांत 1,72,800. एवढी चित्रं एकाच जागी साचली की मारामारी, प्रेम, रडारड सगळं एकमेकांना पुसून टाकतं आणि उरतो उजेड. त्या उजेडात थिएटरचे सज्जे, कमानी, छतावरची नक्षी लख्ख दिसू लागते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमसारख्या संग्रहालयांनी ही चित्रं जपून ठेवली आहेत. कल्पना इतकी साधी, की आपल्याला का सुचली नाही याचा थोडा राग येतो.

पण खुर्चीत कुणी असलं, तरी ते दिसत नाही. अंधारात चुळबुळणारं माणूस एवढ्या लांब एक्स्पोजरमध्ये टिकत नाही. प्लास्टरची वेलबुट्टी टिकते. माझं अडतं ते इथे.

आपल्या सातारा-सांगलीकडे गावोगावी सिनेमा पोचवला तो जत्रेतल्या तंबूंनी. ट्रकमधून मशीन यायचं, मोकळ्या रानात डांब रोवले जायचे, दिवस मावळला की खेळ. नक्षी वगैरे काही नाही, कनातीला ठिगळं. सुगिमोतोने इथे कॅमेरा लावला असता, तर त्याला पांढऱ्या चौकोनाभोवती ठिगळंच मिळाली असती.

अमित मधेशियाने महाराष्ट्रातल्या या टुरिंग टॉकीजमध्ये नेमकं उलट केलं. तो पडद्याकडे पाठ करून उभा राहिला आणि प्रेक्षकांचे चेहरे टिपले. पडद्याच्याच उजेडात निघालेल्या त्या फोटोंना 2011 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला. पुढे शर्ली अब्राहमबरोबर त्याने केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. रिळं जाऊन डिजिटल आलं तेव्हा या तंबूवाल्यांचं काय झालं, ते त्यात आहे.

उजेड दोघांचाही पडद्याचाच. एकाने तो इमारतीवर पडू दिला, दुसऱ्याने माणसांवर. सुगिमोतोचं काम थोर आहे, यात मला शंका नाही. काळ दाखवायचा तर गोष्ट पुसावी लागते, हे त्याच्याइतकं नेमकं क्वचितच कुणी दाखवलं असेल. मात्र त्याला इमारतीचा भरवसा होता. अलीकडे तो ओसाड, पडझड झालेल्या थिएटरांत गेला, स्वतः पडदा लावून तिथे सिनेमा चालवला आणि पुन्हा तसेच फोटो काढले. भिंती उभ्या होत्या म्हणून हे जमलं. जत्रा उठली की तंबूची जागा पुन्हा रान होते, तिथे परत जाऊन काढायला काहीच नसतं. म्हणून इकडच्या सिनेमाचं संग्रहालय कधी झालंच, तर त्यात पडद्याआधी चेहरे लावावे लागतील.