निष्कारण पेटवलेला विस्तव

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती नावाचं एक व्रत आहे. अर्थ म्हणजे इथे प्रयोजन. चूल पेटवली, पाणी तापवलं, भाजी चिरली की हिंसा ही व्हायचीच; संसारी माणसाला ती पूर्ण टाळता येत नाही. पण जिच्यामागे काही प्रयोजनच नाही ती हिंसा तरी टाळा, असं हे व्रत सांगतं. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार दिलेत. त्यांतला शेवटचा प्रमादचर्या. उगाच जमीन उकरणं, उगाच पाणी उडवणं, उगाच विस्तव पेटवणं, झाडाची फांदी उगाच तोडणं, हे सगळं त्यात येतं. लहानपणी पाठशाळेत ही यादी आम्ही घोकली होती. पण तिच्यावरून घरात कधी वाद होईल असं वाटलं नव्हतं. तो झाला माझ्या दिरांमुळे.

दीर शहाबादच्या बॉयलरच्या कारखान्यात होते. निवृत्त होऊन कलबुर्गीला आले आणि हैदराबादच्या जुन्या बाजारातून एक चिमणं वीजकेंद्र घेऊन आले. विलेस्को ही जर्मनीची कंपनी १९५० पासून असली वाफेची खेळणी करते, त्यातलंच हे एक. आडवा ठेवलेल्या तांब्याएवढा पितळी बॉयलर, वरून निकेलचा मुलामा. शेजारी इंजिन, त्याचं चाक, चाकावरून पट्टा, पट्ट्यावर बोटभर डायनामो, आणि शेवटी टॉर्चमध्ये असतो तेवढा बल्ब. सगळं एका ताटात मावेल एवढंच. पण आलं तेव्हा चाक हलत नव्हतं, शिटी बुजलेली होती आणि बॉयलर हलवला की आत खडखड वाजायचं.

पुढचे चार महिने ते याच कामात होते. आधीच्या मालकाने आत नळाचं जड पाणी वापरलेलं, त्यामुळे चहाच्या जुन्या पातेल्याला बसतो तसा क्षाराचा थर बसला होता. तो खरवडायचा नाही. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून ते आत भरायचं, रात्रभर ठेवायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. सात-आठ वेळा तरी झालं असेल. बाहेरून चिंच आणि पितांबरी दोन्हींना मज्जाव. मुलामा इतका पातळ असतो की घासला तर खालचं पितळ उघडं पडतं, आणि मग ते वस्तूचं वय राहत नाही, आपण केलेली जखम होते. हे वाक्य त्यांचंच, मला आवडलं म्हणून लिहिते.

सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ पडली होती, ती ताणून चालवायची नाही, नवीनच घालायची. मग बॉयलरची परीक्षा. ती विस्तवावर घेत नाहीत. बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरून पंपाने आत दाब चढवतात, चालताना जेवढा लागतो त्याच्या दुप्पट. वाफ दाबली जाते, म्हणून फुटली की स्फोट होतो. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे कुठे फट असली तर नुसती एक धार उडते. मोठ्या बॉयलरचीही परीक्षा अशीच घेतात, म्हणाले. मी पंपाजवळ काटा बघत बसले होते. तो हलला नाही.

या चार महिन्यांत घरात विस्तवाची एक काडी जादा पेटली नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

मग तो दिवस आला. आत पाणी घालायचं ते मी गाळूनच दिलं. त्यात व्रत होतंच, आणि बारीक छिद्रात कचरा अडकत नाही हेही होतं. तळाच्या कप्प्यात खडूसारख्या पांढऱ्या वड्या पेटवल्या. सात-आठ मिनिटांनी पाणी कुजबुजायला लागलं, चाकाला बोटाने ढकललं, आणि ते फिरू लागलं. बल्ब लागला. केवढा? देवापुढच्या समईची वात त्याहून उजळ असते. वडीत जी उष्णता होती तिचा शंभरावा भागसुद्धा उजेड होऊन बाहेर आला नसेल. गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरतो याचा हिशेब ठेवणारी बाई मी. मला राहवलं नाही. म्हटलं, “भाऊजी, खटका दाबला की लागतो तो दिवा. हे कशाला?”

त्यांचं उत्तर तयार होतं. “वहिनी, वॅटनेही खेळणंच दुरुस्त केलं होतं.” ते खरं आहे. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेनच्या इंजिनाचं एक छोटं मॉडेल जेम्स वॅटकडे दुरुस्तीला आलं. दोन-चार फेऱ्या झाल्या की त्याची वाफ संपायची. वाफ जाते कुठे ते शोधता शोधता त्याच्या लक्षात आलं की दर फेरीला सिलिंडर गार करून पुन्हा तापवण्यातच ती खर्च होते. त्यातून १७६५ मध्ये वेगळ्या कंडेन्सरची कल्पना निघाली. आपल्याकडे मुंबईत अर्देशीर करसेटजी वाडियांनी एक अश्वशक्तीचं इंजिन केलं, विहिरीचं पाणी चढवून बागेतलं कारंजं उडवायला. कारंजं! पुढे १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले ते हेच.

पण हा युक्तिवाद मला पटत नाही. पुढे काही निघालं म्हणून मागचं पेटवणं सकारण झालं, असं म्हणायला लागलो तर कुठलंही पेटवणं सकारण ठरेल. आणि पुढे निघालं ते काय निघालं, तेही बघायला हवं. वाफेची गाडी १८७१ मध्ये सोलापूर, कलबुर्गी, वाडी करत रायचूरला मद्रासच्या रुळांना जाऊन भिडली. त्याने या भागाचं किती भलं झालं ते मी नाकारत नाही. आमच्या दिरांची भाकरी त्याच वाफेवर भाजली गेली. पण शेजारचं परळी घ्या. तेही वाफेचंच वीजकेंद्र, ताटात न मावणारं. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं, २०१५ मध्येही तेच झालं. आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणलं. लातूर म्हणजे बीदरचं शेजारी, आमच्या निम्म्या सोयरिकी तिकडच्या. त्या दिवसांत पाहुण्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवतानाही हात आखडायचा. अशा मुलखात किती कोळसा जाळायचा, किती पाणी उकळायचं, याला अनर्थदंड कोणी म्हणणार नाही, कारण तिथे प्रयोजन आहे. प्रयोजन सांगता येणं ही मोठी सोय आहे, आणि ज्याचं काम मोठं त्याला ते लवकर सापडतं.

म्हणून मी त्या यादीकडे परत वळले. तिथला शब्द ‘निरुपयोग’ नाही, ‘प्रमाद’ आहे. बेसावधपणा. आपण काय करतोय याचं भान नसणं. त्या मापाने पाहिलं तर दिरांचे चार महिने प्रमादाच्या अगदी उलट गेले. घरातलं एकही काम मी इतक्या लक्षपूर्वक केलेलं नाही. रोजच्या पोळ्या मी दुसराच विचार करत लाटते. दुरुस्तीला माझा आक्षेप नाहीच, असं मी त्यांना सांगितलं. आक्षेप आहे तो नंतरच्या चालवण्याला. पहिल्यांदा पेटवणं म्हणजे केलेल्या कामाची परीक्षा होती. पाचव्यांदा पेटवलं ते पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे मोबाइलवर चित्रण करण्यात गुंतलेले. तिकडे पाणी उकळतंय, इकडे बघायला कोणी नाही. याला प्रमाद नाही तर काय म्हणायचं?

दीर म्हणतात, यंत्र न चालवता ठेवलं तर पिस्टन धरतो, वाफ आणि तेल अधूनमधून लागतंच. शिवाय विचारतात, देवळातल्या दिव्याचं काय? तो कोणाला वाचायला लावतो आपण? इथे मला जपून बोलावं लागतं, कारण पूजेतल्या दिव्या-फुलांवरून आमच्यात पंथच वेगळे झालेत, आणि तो वाद घरी आणायची माझी इच्छा नाही. तरी एवढं म्हणाले, की दिव्यापुढे आपण हात जोडून उभे तरी असतो.

सध्या घरात असं ठरलंय: अष्टमी-चतुर्दशीला पेटवायचं नाही, एरवी पेटवलं तर पाणी संपेपर्यंत सगळ्यांनी समोर बसायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. विझल्यावर पाणी कोमट असतानाच काढून टाकायचं. दिरांनी हे मान्य केलंय, पण पाहुण्यांना कसं सांगायचं ते माझ्यावर सोडलंय.

मागच्या चतुर्दशीला पुतणीची मुलगी आली, सहा वर्षांची. बल्ब बघायचाच म्हणून हटून बसली. दिरांनी चाकाला तेलाचा थेंब दिला आणि तिला म्हटलं, फिरव बोटाने. तिने जोर लावून फिरवलं तर बल्बची तार क्षणभर लाल झाली. ती टाळ्या पिटायला लागली. मी भाऊजींकडे पाहिलं. ते म्हणाले, “हे वाफेचं नव्हे, वहिनी. हे मोजायचं नाही.”