न घडलेल्या पापाचा पश्चात्ताप

केलेल्या दुष्कृत्याबद्दल मनुष्यास पश्चात्ताप व्हावा, ही गोष्ट सर्वांना स्वाभाविक वाटते. परंतु जे दुष्कृत्य घडलेच नाही, किंवा ज्याचा परिणाम केवळ दैवयोगाने टळला, त्याबद्दल पश्चात्ताप करण्याचे काही कारण आहे काय? आणि ज्याबद्दल आपण वर्षानुवर्षे तळमळलो ते घडलेच नव्हते असे उद्या कळले, तर ती सारी तळमळ वाया गेली असे म्हणावयाचे काय? हा प्रश्न प्रथमदर्शनी निव्वळ शब्दच्छलाचा वाटेल. आम्हांसही तो तसाच वाटत होता. आमचे मत पालटले ते दूरचित्रवाणीवरील एका विज्ञानकथेमुळे, आणि त्याहून अधिक त्या कथेच्या एका भक्तामुळे.

विज्ञानकथेविषयी आम्हां साहित्याच्या अध्यापकांच्या मनात अजूनही थोडी अढी असते, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. जयंत नारळीकरांसारख्या जगन्मान्य शास्त्रज्ञाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवून पहिले पारितोषिक मिळविले, हे आता सर्वश्रुत आहे. त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉईल यांनी तर त्याआधीच, १९६१ साली, बीबीसीकरिता एक विज्ञानमालिका सहकार्याने लिहिली होती. इतके मोठे लोक ज्या प्रकारात रमले तो पोरखेळ म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे, हे आम्हांस बुद्धीला पटत असे. मनाला मात्र पटत नसे.

ती कथा अशी. बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू केली. तिचा नायक ‘डॉक्टर’ एवढ्याच नावाने ओळखला जातो. तो काळातून मागेपुढे प्रवास करतो, आणि मरणाच्या दारी पोहोचला की नवे शरीर धारण करतो. त्यामुळे नट बदलले तरी नायक तोच राहतो. मध्यंतरी बंद पडलेली ही मालिका २००५ साली पुन्हा सुरू झाली, तेव्हा या नायकाच्या माथी एक भयंकर पातक मारण्यात आले. एक विश्वव्यापी युद्ध थांबविण्यासाठी त्याने शत्रूबरोबर आपली जन्मभूमीही जाळून टाकली, असे ते पातक होते. पुढे आठ वर्षे प्रेक्षकांनी त्याला या ओझ्याखाली वावरताना पाहिले. मग २३ नोव्हेंबर २०१३ रोजी, मालिकेच्या सुवर्णमहोत्सवी दिवशी, ‘द डे ऑफ द डॉक्टर’ हा विशेष भाग ९४ देशांत एकाच वेळी दाखविण्यात आला. त्यात तो संहाराचा क्षण पुन्हा उभा राहतो. अस्त्र सज्ज आहे. पण ते अस्त्र असे विलक्षण की त्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे. ते नायकाला त्याच्याच भावी रूपांची भेट घडविते. त्यांपैकी एकाने त्या दिवशी जळालेली मुले मोजून ठेवली आहेत. ती २४७ कोटी आहेत. दुसऱ्याने तो आकडा विसरण्यात चारशे वर्षे घालविली आहेत. अखेर हे सारे मिळून ते कृत्य टाळतात, आणि जन्मभूमी कोठेतरी सुरक्षित दडवून ठेवतात. मात्र आधीच्या रूपांस ही गोष्ट आठवत नाही. त्यामुळे आपण पातकी आहोत याच समजुतीत त्यांनी पुढील आयुष्य काढले.

हा भाग आम्हांस दाखविला तो आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पावणे नावाचे गाव आहे. पश्चिमेस ठाण्याची खाडी, पूर्वेस पारसिकचा डोंगर, आणि मध्ये एके काळी आगरी-कोळ्यांची भातशेते. १९६० नंतर तेथे औद्योगिक वसाहत आली, आणि आज पावणे म्हटले की लोकांस शेतांऐवजी रासायनिक कारखानेच आठवतात. त्यांपैकी एका कारखान्यात हा विद्यार्थी पाळीप्रमुख होता. लहानपणापासून नव्हे, पण महाविद्यालयात असल्यापासून त्याला या मालिकेचे वेड. सुवर्णमहोत्सवी भाग पाहून तो आनंदाने नाचत असेल अशी आमची कल्पना. पाहतो तो स्वारी रुष्ट!

“सर, आमची फसवणूक झाली,” तो म्हणाला. “आठ वर्षे आम्ही त्याच्या दुःखात सामील झालो. आता हे सांगतात की तसे काही झालेच नव्हते. त्याला फार स्वस्तात सोडला.”

आम्ही अध्यापकी थाटात त्याला भवभूतीचा दाखला दिला. वाल्मीकीच्या उत्तरकांडात सीता भूमीच्या पोटात जाते. ‘उत्तररामचरिता’त ती रामाला परत मिळते. कवीने जुन्या कथेचा शेवट बदलला म्हणून रसिकांनी कधी फिर्याद केली नाही. मग या बिचाऱ्या स्कॉटिश लेखकावरच राग का? त्याने थोडा विचार केला आणि जे उत्तर दिले ते आमच्या वर्गात क्वचितच ऐकावयास मिळते. “पण सर, भवभूतीच्या रामाने सीतेचा त्याग केलेलाच आहे ना? सीता जिवंत निघाली म्हणून त्याग पुसला जात नाही. अदृश्य राहून तिने रामाचा शोक स्वतः पाहिला, तेव्हा कुठे तिचे मन निवळले. इथे तर कृत्यच पुसून टाकले आहे. मग क्षमा कुणी कुणाला करायची?”

आम्ही निरुत्तर झालो. पण एका करमणुकीच्या कथेसाठी याचा जीव इतका का तुटावा, हे मात्र उमगेना. ते पुढे त्यानेच सांगितले.

त्याच्या कारखान्यात उष्णता निर्माण करणारी एक प्रक्रिया चाले. भांडे पाण्याने सतत थंड ठेवावे लागे, आणि पाण्याचा मुख्य पंप बंद पडल्यास दुसरा पंप राखीव असे. हा राखीव पंप प्रत्येक पाळीत थोडा वेळ चालवून पाहावा व नोंदवहीत सही करावी, असा नियम होता. एका रात्री कामाच्या गर्दीत त्याने पंप न चालविताच सही केली. सकाळच्या पाळीने तो चालवून पाहिला, तर तो चालेना. दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. रात्रभर मुख्य पंप बिनतक्रार चालला होता. म्हणजे काहीच घडले नव्हते. कोणी त्याला जाब विचारला नाही; विचारावयाचे कारणही नव्हते.

“त्या रात्री शेडमध्ये माझ्यासकट नऊ माणसं होती,” तो म्हणाला. “मी मोजली आहेत. काही झालं नाही म्हणून मी सुटलो, असं मला कुणी सांगू नये.”

आता त्याच्या रागाचा उलगडा झाला. पडद्यावरील नायक जर ‘घडलेच नाही’ एवढ्याच सबबीवर निर्दोष ठरत असेल, तर हाही निर्दोष ठरत होता. आणि ते निर्दोषत्व त्याला नको होते. कायदा बहुधा परिणामावरून अपराधाचे माप घेतो, आणि व्यवहाराला तसे करणे भागच आहे. परंतु अंतःकरणाचे न्यायालय निराळे. मुख्य पंप चालू राहिला यात आमच्या विद्यार्थ्याचे काडीचेही कर्तृत्व नव्हते. मग त्याचे श्रेय त्याने कशाच्या बळावर घ्यावे? ज्याअर्थी नशिबाने पाप टळल्याचे पुण्य आपल्या खात्यावर जमा होत नाही, त्याअर्थी ते टळल्यामुळे आपली बेपर्वाईही खात्यातून वजा होत नाही.

तथापि त्या विशेष भागावरील त्याचा आरोप आम्ही मान्य केला नाही, आणि आजही करीत नाही. आमच्या मते नायक स्वस्तात सुटला नाही. त्या निर्वाणीच्या क्षणी त्याचा हात कोणी धरला? पश्चात्तापात होरपळून निघालेल्या त्याच्याच पुढील रूपांनी. ती तळमळ नसती तर त्या क्षणी त्यांनी दुसरा मार्ग शोधलाच नसता. म्हणजे ज्या कृत्याचा पश्चात्ताप झाला, ते कृत्य त्या पश्चात्तापानेच टाळले. तर्कशास्त्री याला चक्रापत्ती म्हणून हसतील. पण नीतीच्या दृष्टीने पाहता यात मोठे तथ्य आहे. पश्चात्ताप या शब्दातच त्याचा दुबळेपणा आहे: तो ‘पश्चात्’ येतो. घर जळाल्यावर आलेल्या पाण्याप्रमाणे त्याची योग्यता मोठी, उपयोग थोडा. मनुष्यास खरोखर हवा असतो तो, नवा शब्द योजावयाचा तर, ‘पूर्वताप’. उद्या जो आपण होऊ, आज करीत असलेल्या कृत्याची फळे भोगून जो जळालेला असेल, त्याला आजच बोलावून आपल्या शेजारी उभे करता आले पाहिजे. कालयंत्र आपल्यापाशी नाही. पण कल्पनाशक्ती आहे. आणि ती कामी लावण्याचे जितके मार्ग मनुष्याने शोधले, त्यांत कथा हा सर्वांत जुना.

यावर कोणी म्हणेल, अशाने माणूस भित्रा होईल. प्रत्येक संभाव्य अनर्थासाठी आधीच झुरत बसेल. ही भीती अगदीच खोटी नव्हे. परंतु चिंता आणि पूर्वताप यांत भेद आहे. चिंता सर्व जगाच्या अनर्थांभोवती घिरट्या घालते आणि हातून काहीच करवीत नाही. पूर्वताप आपल्या हातात असलेल्या एकाच गोष्टीपाशी थांबतो आणि ती नीट करावयास लावतो. त्या नायकाची दोन रूपे याच दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. मोजणारा दुःखी असेल, पण विसरणाऱ्याहून तो सुरक्षित आहे. आणि त्याच्या सोबतीचे लोकही सुरक्षित आहेत.

परवा हा विद्यार्थी पुष्कळ वर्षांनी भेटला. आता तो दुसऱ्या कारखान्यात अधिक वरच्या जागेवर आहे, आणि राखीव पंप पाहणे हे त्याचे काम राहिलेले नाही. तरी रात्रपाळीच्या वेळी कारखान्यात असला की तो पंपापाशी जातो, स्वतःच्या हाताने बटण दाबतो आणि तो नीट फिरू लागेपर्यंत उभा राहतो. आम्ही सहज विचारले, “त्या भागाबद्दल अजून राग आहे काय?”

“आहे थोडा,” तो हसून म्हणाला. “पण सर, दरवर्षी नोव्हेंबरात मी तो पुन्हा पाहतो.”